तळणाला तेल कोणतं? आधी उरलेल्या तेलाचा डबा रिकामा करा

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. घरात चार मोठी माणसं आणि दोन मुलं. मिस्टर यंत्रमागावर आहेत. सासऱ्यांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. महिन्याला तेलाच्या आठ पिशव्या लागतात, सगळ्या पामतेलाच्या, कारण तेच परवडतं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी तळण होतंच, कधी भजी, कधी पुऱ्या, पापड. मिस्टर म्हणतात पामतेल म्हणजे विष. सासूबाई म्हणतात करडईचं आणा, त्यांच्या माहेरी मंगळवेढ्याला तेच होतं. शेजारीण म्हणते सूर्यफूल हलकं. मोबाईलवर रोज येतं की रिफाईंड सोडा, लाकडी घाण्याचं घ्या. त्याचा भाव विचारून मी तशीच परत आले. उरलेलं तेल मी एका डब्यात ओतून ठेवते आणि पुढच्या तळणाला त्यातच नवीन घालते. दिवाळीला चकली-शेवेच्या ऑर्डरीही घेते. तळायला चांगलं आणि खिशाला झेपेल असं एक तेल सांगा.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात चार-पाच तेलांची नावं आहेत, पण मला काळजी वाटली ती उरलेल्या तेलाच्या त्या डब्याची. त्या डब्यात आज किती दिवसांचं तेल आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी थोडं जुनं, त्यावर थोडं नवीन, असं ते महिनोन् महिने चालू आहे. त्यात तुम्ही उद्या कितीही महाग तेल ओतलंत तरी ते पहिल्याच तळणात जुन्याच्या पंगतीला बसेल. तेव्हा तेल बदलायच्या आधी तो डबा रिकामा करा आणि सोड्याच्या गरम पाण्याने घासून टाका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तळणासाठी तुमच्या घराला रिफाईंड शेंगदाणा तेल किंवा तांदळाच्या कोंड्याचं तेल (दुकानात राइस ब्रान म्हणून मागा) ही दोन बरी. त्या महिन्यात जे स्वस्त असेल ते घ्या. आणि महिन्याला आठऐवजी पाच पिशव्यांत घर चालवा. हे दुसरं वाक्य वाचून तुम्ही पत्र बाजूला ठेवू नका, कारण खिशाचा प्रश्न तिथेच सुटतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे पोहे खायच्या मोठ्या चमच्याने दोन चमचे. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. तुमच्या आठ पिशव्या सहा माणसांत आणि तीस दिवसांत वाटल्या तर माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या आसपास जातं. मिस्टरांचं काम उभ्याचं आणि अंगमेहनतीचं, त्यांना थोडं जास्त चालेल. सासरे घरी बसून असतात, मुलं लहान आहेत. हिशेब धरला तर सगळ्या घराला पाच-सव्वापाच लिटर पुरतं, आणि त्यात तूपही आलं. आता आकडेमोड करा. आठ पिशव्यांचे पैसे पाच पिशव्यांवर खर्च केले तर प्रत्येक पिशवीचा भाव आजच्या १.६ पट असला तरी महिन्याचं बिल तेवढंच येतं. म्हणजे पामतेल शंभराला असेल तर तुम्ही एकशे साठपर्यंतचं तेल घेऊ शकता, घरातून एक रुपया जास्त न जाता.

तीन पिशव्या वाचतील कुठून? तळणातून थोड्या, पण जास्त करून फोडणीतून. पातेल्यात पिशवी तिरकी करून अंदाजाने तेल सोडतो तिथे सगळं गळतं. चमचा लावा. वांग्याच्या रश्श्यावर तवंग दिसलाच पाहिजे असं आपल्याकडे मानतात. तो तवंग रविवारी ठेवा, रोज नको. आणि शेंगाचटणीवर वरून तेल ओतू नका. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेलच असतं. उखळात नीट कुटली की चटणीला तिचं तिलाच तेल सुटतं, बोटांना लागतं, भाकरीवर डाग पडतो. त्यावर आणखी पळीभर कशाला? मिक्सरमध्ये कोरडी भरडली की ती भुरभुरीत होते आणि मग तेलाची आठवण येते. खलबत्ता असेल तर काढा.

आता तेलांची निवड अशी का, ते सांगते. तेलात स्निग्धाम्लांचे तीन प्रकार असतात. संतृप्त आम्लं आचेला टणक, सहज मोडत नाहीत, पण रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. बहु-असंतृप्त आम्लं हृदयाला चांगली, पण आचेपुढे हळवी. पुन्हा पुन्हा तापवलं की ती तुटतात आणि त्यातून नको ते पदार्थ तयार होतात. मधली एक-असंतृप्त आम्लं दोन्हीकडून बरी. तळणाला त्यांचं प्रमाण चांगलं असलेलं तेल हवं. शेंगदाणा तेलात ती जवळपास निम्मी असतात, राइस ब्रानमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय राइस ब्रानमध्ये ओरायझेनॉल नावाचा घटक असतो, तो कोलेस्टेरॉल थोडं कमी करायला मदत करतो. दोन्ही तेलं रिफाईंड असतील तर २३० अंशांच्या आसपास जाईपर्यंत धूर येत नाही, आणि आपलं तळण १७० ते १८० अंशांत होतं.

पामतेलाला विष म्हणणं चुकीचं आहे, हे मिस्टरांना सांगा. ते आचेला टिकतं, तळलेला माल बरेच दिवस खवट होत नाही, म्हणून तर फरसाणवाले ते वापरतात. पण त्यात संतृप्त आम्लं चाळीस टक्क्यांहून जास्त असतात. धडधाकट माणसाने कधीमधी खाल्लं तर काही बिघडत नाही. तुमच्याकडे मात्र फोडणी, भाजी, पोळी, तळण सगळं त्याच एका तेलात आहे, आणि घरात अँजिओप्लास्टी झालेलं माणूस आहे. सासऱ्यांसाठी ते रोजच्या स्वयंपाकातून काढाच. गोळी चालू आहे म्हणून तेल कसंही चालेल असं होत नाही, आणि तेल बदललं म्हणून गोळीही बंद करायची नाही. ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

सासूबाईंच्या करडईबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला ज्वारी आणि तिच्या कडेने करडईच्या ओळी हे जुनं गणित. करडईला काटे असतात, त्यामुळे जनावर आत शिरत नाही, कुंपणाचं काम होतं आणि घरचं तेलही निघतं. सोलापूरच्या संशोधन केंद्रातून करडईची 'भीमा'सारखी वाणं आली, ती याच कोरडवाहू पट्ट्यासाठी. तेल म्हणून करडई हृदयाला चांगलीच आहे, संतृप्त आम्लं अगदी कमी. पण नेहमीच्या करडईत सुमारे तीन चतुर्थांश बहु-असंतृप्त आम्लं असतात, म्हणजे आचेपुढे सगळ्यात हळवं तेल हेच. करडईचं तेल रंग आणि वार्निशमध्येही वापरतात, कारण त्याचा पातळ थर हवेत वाळून घट्ट होतो. तुमच्या कढईच्या काठाला आतून पिवळसर, चिकट, घासूनही न निघणारा थर बसलेला असेल. तो याच प्रकारे बनतो. काठावर पसरलेलं तेल तापून तापून घट्ट झालेलं असतं, आणि त्याच गोष्टी थोड्या प्रमाणात कढईतल्या तेलातही उतरलेल्या असतात. म्हणून करडईचं तेल आणा, पण लसणाच्या फोडणीला, भाजीला, भाकरीबरोबर खायला. तळणाला नको. सासूबाईंच्या माहेरी ते घाण्यावरून ताजं यायचं आणि कढई सणावारालाच चढायची. आठवड्याला तीनदा भजी तेव्हा कुणाकडे व्हायची?

सूर्यफूल आणि सोयाबीनचंही तसंच. नेहमीच्या सूर्यफूल तेलात बहु-असंतृप्त आम्लं साठ टक्क्यांच्या आसपास असतात. भाजी-आमटीला चांगलं, एकदाच्या तळणालाही चालेल, पण तेच तेल परत परत तापवायला अजिबात नको. आणि 'हलकं' म्हणजे काय? रंगाने फिकं, वासाने कमी, एवढंच. कोणतंही तेल घ्या, एका ग्रॅमला नऊ कॅलरीच. शेजारणीला हे जरूर सांगा.

लाकडी घाण्याच्या तेलाची चव मलाही प्रिय आहे. ताज्या घाण्याच्या शेंगतेलात फोडणी दिली की गल्लीला कळतं. पण ते तळणाला घ्यायची गरज नाही. न शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलाला १६० अंशांच्या आसपासच धूर यायला लागतो, त्यात दाण्याचे बारीक कण असतात, ते जळतात, फेस येतो. एवढं महाग तेल कढईत जाळून टाकायचं कशाला? पैसे जमतील तेव्हा एखादा लिटर आणा आणि तो फोडणीला, चटणीला पुरवून वापरा. घाणेवाला तुमचे दाणे घेऊन गाळून देत असेल तर साधारण अडीच किलो दाण्यांतून एक किलो तेल निघतं असं धरा. पेंडीचं काय करणार ते आधी ठरवून घ्या, म्हणजे पेंड घेऊन तो मजुरीत किती सोडतो ते कळेल. दाणे मात्र निवडूनच न्या. काळपट, सुरकुतलेला, बुरशी आलेला दाणा त्यात जाऊ द्यायचा नाही. बुरशीच्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. त्याचा बराचसा भाग पेंडीत राहतो, पण थोडा तेलातही उतरतो, आणि घाण्यावर तो काढून टाकायची सोय नसते.

वनस्पती तूप तळणाला नको. एवढं पुरे.

आता कढईकडे या. मी तुमच्या घरी आले असते तर दुकानाआधी तिथेच उभी राहिले असते.

कढई लहान आणि खोल घ्या. पसरट कढईत दोन-तीन पुऱ्यांसाठी अर्धा लिटर तेल लागतं, खोल कढईत पाव लिटरवर भागतं. वेळ थोडा जास्त जाईल, पण उरणारं तेलही निम्मं होईल, आणि उरलेल्या तेलाचाच तर सगळा घोळ आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात तळू नका, त्या धातूंनी तेल लवकर खराब होतं. लोखंडाची कढईही तेल जरा लवकर बिघडवते, तळणाला स्टीलची जाड बुडाची बरी.

तेल तापलं की नाही हे धूर बघून ठरवायचं नाही. धूर आला म्हणजे तेल तुटायला लागलं. पिठाची चिमूटभर गोळी टाका. ती तळाला बसून राहिली तर थांबा, टाकताच वर येऊन लाल झाली तर गॅस कमी करा. खाली जाऊन बुडबुडे सोडत सावकाश वर आली की सोडा पहिला घाणा. आणि एका वेळी कढई भरून भजी सोडू नका. थंड पीठ जास्त पडलं की तेलाचं तापमान धाडकन उतरतं आणि भजं तेल पितं. पिठात सोडा जास्त घातला तरी तसंच होतं. सोड्याऐवजी मुठभर तांदळाचं पीठ घाला, कुरकुरीतही होतात आणि तेलही कमी पितात.

तळणाचा क्रमही लावून घ्या. एकाच दिवशी पापड, पुऱ्या आणि भजी असतील तर पापड-कुरडया आधी, मग पुऱ्या, भजी शेवटी. बेसनाचे थेंब तेलात सुटतात, जळून काळे होतात आणि पुढच्या सगळ्या तळणाला कडू करतात. झाऱ्याने ते कण मधूनमधून काढत राहा. मीठ आणि पाणी दोन्ही तेलाचे वैरी, म्हणून मिरच्या धुतल्या तर पुसून घ्या, पाणी निथळत असताना तेलात टाकू नका. तळलेलं निथळायला स्टीलची चाळण वापरा. वर्तमानपत्रावर काढू नका, छपाईची शाई गरम तेलात सुटते.

उरलेलं तेल कोमट झालं की मलमलच्या फडक्यातून गाळा, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला, गॅसपासून लांब ठेवा आणि दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. पुन्हा तळणाला घ्यायचंच असेल तर फार तर एकदा. त्यात नवीन तेल मिसळायचं नाही. मासे किंवा चिकन तळलेलं तेल वेगळं ठेवा. पाव लिटरच तेल घेतलं असेल तर उरतं वाटीभर, ते संपायला कितीसा वेळ लागतो?

हॉटेलवाल्यांना यावर कायदाच आहे. अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे : वारंवार तळून तेलात तयार होणारे पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, पण डोळा आणि नाक आहे. तेल काळपट झालं, झारा उचलल्यावर थेंब पाण्यासारखा न पडता तारेसारखा ओघळला, बारीक फेस आला आणि विरेना, नेहमीच्या आधीच धूर निघाला किंवा वास डोळ्यांत झोंबला, तर ते तेल गेलं म्हणून समजा. मोरीत ओतू नका, नळी तुंबते. थंड झाल्यावर रद्दी कागदात किंवा भुश्शात जिरवून कचऱ्यात द्या. आणि रस्त्यावर भजी घेताना कढईकडे एकदा बघायची सवय मुलांनाही लावा.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी वाचायच्या. पिशवीवर नक्की वजन किती आहे, कारण हल्ली सगळ्या पिशव्या एक लिटरच्या नसतात, आकार सारखा दिसला तरी. डबा घेत असाल तर तो १५ किलोचा आहे की १५ लिटरचा ते विचारा. १५ लिटर म्हणजे साडेतेरा किलोच्या थोडं वर, सव्वा किलोहून थोडा जास्त फरक पडतो. समोर शेंगदाण्याचं चित्र असेल तर मागे बारीक अक्षरांत मिश्रण किती टक्के आहे ते पाहा. 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांना जास्तीचे पैसे देऊ नका, वनस्पतीच्या कोणत्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं. सुटं तेल घेऊ नका, विकायला बंदी आहे आणि त्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही.

स्वस्त पडतं म्हणून पंधरा लिटरचा डबा एकदम भरण्याचा मोह आपल्याकडे असतो. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला मी सांगायला नको, पारा चाळिशी पार करतो, आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. उघडलेला डबा त्या उष्णतेत लवकर खवट होतो. महिन्यात संपेल एवढंच घ्या, अंधाऱ्या फळीवर ठेवा, पारदर्शक बाटलीत ओतून खिडकीत नको.

थोडक्यात तुमच्या पाच पिशव्या अशा : दोन तळणाच्या, शेंगदाणा किंवा राइस ब्रान, आणि तीन रोजच्या स्वयंपाकाला, त्यात एक करडई, एक सोयाबीन किंवा सूर्यफूल, एक शेंगदाणा. तेलं आलटून पालटून वापरावीत असं पोषणतज्ज्ञही सांगतात, कारण सगळे गुण एका तेलात नसतात. सासऱ्यांच्या ताटात तळलेलं आठवड्यातून एकदाच, तेही मोजकं. पापड त्यांना भाजून द्या.

राहिली दिवाळी. चकली-शेव पंधरा-वीस दिवस टिकायला हवी, तेव्हा सूर्यफूल, सोयाबीन किंवा करडईत ती तळू नका, आठवड्यातच खवट वास येऊ शकतो. शेंगदाणा तेलात चांगली टिकते, चवही वेगळी लागते. पामतेलातही टिकते आणि स्वस्त पडते, हे खरं आहे. ऑर्डर घेतानाच दोन भाव सांगा, एक शेंगदाणा तेलाचा, एक पामतेलाचा, आणि गिऱ्हाइकाला ठरवू द्या. आजकाल बरीच गिऱ्हाइकं तेल विचारून घेतात आणि त्यासाठी किलोमागे जास्त द्यायलाही तयार असतात. रोज किती किलो निघेल तेवढंच तेल कढईत घ्या, दुपारच्या घाण्याचं काळं पडलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या चकलीला नको. पाकिटावर तेलाचं नाव आणि तळल्याची तारीख दोन्ही लिहा.